दार लावा, मी आत आहे

“दार लावा, मी आत आहे.”

पिरंगुटच्या आमच्या कारखान्यात रिकामा कंटेनर येऊन उभा राहिला, की हे वाक्य ऐकू यायचं. बोलणारे गृहस्थ एका बलाढ्य जहाज कंपनीचे विक्री प्रतिनिधी. शर्ट कडक इस्त्रीचा, बूट चिखलाने भरलेले. मुकादम बाहेरून दारं ओढून घ्यायचे आणि हे आत काळोखात उभे राहायचे. पत्र्याला भोक असेल तर तिथून उजेड दिसतो. मुळशीच्या पावसात तेवढ्या भोकातून पाणी शिरलं, तर आमचे लोखंडी सुटे भाग परदेशी पोचेपर्यंत गंजलेच म्हणायचे.

खरं तर हे काम त्यांचं नव्हतंच. तुमच्याकडे येणारा कुठला विक्रेता स्वतःचा माल असा तपासतो? पण त्या वर्षांत मोठमोठ्या जहाज कंपन्यांची गिऱ्हाइकांसाठी नुसती ओढाताण चालली होती. आणखी मोठी जहाजं बांधायची, आणि ती भरावीत म्हणून भाडं पाडायचं. प्रतिस्पर्धी कंपनीचे प्रतिनिधी बावधनला राहायचे, म्हणून आम्ही त्यांना बावधनकर म्हणायचो. ते गाडीतूनच मला स्वस्त भाडं सांगून जायचे. हे म्हणायचे, “मॅडम, भाडं त्यांचं घ्या. फक्त त्यांच्या डब्यात मला एकदा उभं राहू द्या.”

माल पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं. एकदा मी खरंच बावधनकरांचा कंटेनर मागवला. हे नेमके हजर. आत जाऊन बाहेर आले आणि गाडीत बसलेल्या बावधनकरांच्या तोंडावर म्हणाले, “साहेब, पीठ चाळायला पाठवलाय का हा?” हमाल खदखदून हसले. मीही हसले. कंटेनर परत गेला.

पुढच्याच आठवड्यात ते माझ्या टेबलासमोर चहा पीत असताना त्यांना मुंबईहून फोन आला. बशीकडे निघालेला कप हातातच राहिला. फोन संपल्यावर म्हणाले, “आमची कंपनी विकली गेली.” कोणाला, असं मी विचारलं. त्यांनी बावधनकरांच्या कंपनीचं नाव घेतलं.

मला ते पटेचना. जगभरच्या बंदरांत जिची जहाजं लागतात, ती कंपनी सकाळी होती आणि चहा निवेपर्यंत नाही? कंटेनर उशिरा आला, घाट बंद पडला, बंदरात संप झाला, तर काय करायचं हे माझ्याकडे आधीच ठरलेलं असायचं. यावर काय करायचं ते मला सुचेना. पुण्याला आता दोघांऐवजी एकच प्रतिनिधी लागणार होता. विकत घेणाऱ्या कंपनीचे म्हणून बावधनकर साहेब झाले, आणि ह्यांना ठेवायचं की नाही, हे तेच ठरवणार होते.

महिन्याभराने दोघे एकाच गाडीतून आले. कंटेनर आधीच येऊन उभा होता. छताच्या कडेला ताज्या रंगाचं ठिगळ. मुकादम माझ्या कानाशी पुटपुटले, “मॅडम, त्योच डबा हाय ह्यो.”

बावधनकर या वेळी खाली उतरले. “आता डबा आपलाच आहे,” ते हसत म्हणाले. “पास करून टाका. तुमचं काय करायचं ते मला आजच मुंबईला कळवायचंय.”

हे असं, हमालांसमोर.

“दार लावा, मी आत आहे.”

नेहमीपेक्षा फार वेळ गेला. मुकादमांनी दाराला तोंड लावून विचारलं, “सायेब, उगडू का?” बावधनकर घड्याळ बघू लागले. मग आतून पत्र्यावर थाप पडली.

ते बाहेर आले. उन्हाने डोळे बारीक झाले होते. बावधनकरांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“मॅडम, नका भरू. उजेड येतोय.”

एवढं बोलून ते गाडीत न बसता चालत फाटकाबाहेर गेले. पुन्हा आले नाहीत.

पुढच्या खेपेला कंटेनर आला, तेव्हा मुकादमांनी सवयीने दारं ओढून घेतली आणि ते कान देऊन उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. आत कोणी शिरलंच नव्हतं.