उजव्या बाजूचे ठोकळे

पेणजवळ रामवाडीला माझं वेल्डिंगचं गॅरेज होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हमरापूरच्या पलीकडे खाडीचा बांध पाझरत होता, आत भात उभं होतं आणि अमावास्येचं उधाण चार दिवसांवर आलं होतं. बांधावर माती चढवायला चेनवर चालणारा ट्रॅक्टर हवा होता. आमच्या भागात तो एकच, माझ्या जन्माआधीचा, आणि चालवणारेही एकच, सगळे ज्यांना काका म्हणत ते. काका बेने इस्रायल, म्हणजे इथलेच मराठी ज्यू. मुलगा, भाऊ कधीच इस्रायलला गेले होते. काका या यंत्रापायी मागे राहिले, असं लोक म्हणत.

ट्रॅक्टर वाहून नेणारा ट्रेलर फाट्यापर्यंतच जात होता. पुढे गावातून तो चेनवरच न्यायचा होता, आणि गणपतीचे कारखाने भरलेले. एक मूर्तिकार बाई गॅरेजवर येऊन सांगून गेली, "काका, तुमच्या लोखंडानं जमीन हादरते. मागल्या टायमाला आमच्या मूर्तींचे हात गलाले. आता नाय जाऊ द्यायचे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "चेनला चपला घाल."

रोह्याच्या एका कंपनीतून भंगारात निघालेला जाड रबरी पट्टा माझ्याकडे पडून होता. चेनच्या प्रत्येक पत्र्यावर बाभळीचा ठोकळा, ठोकळ्यावर रबर आणि आरपार दोन बोल्ट. एका बाजूला छत्तीस, दोन्हीकडचे मिळून बहात्तर. भोकं पाडता पाडता दोन दिवस गेले. शेवटचा बोल्ट आवळताना मी बजावलं, "काका, हे रस्त्यापुरतं. ओल्या मातीत रबर घसरणार. बांधावर चढायच्या आधी सगळे काढायचे."

"व्हय रे, ठाऊक हाय."

अमावास्येच्या सकाळी आम्ही हमरापुरातून गेलो. एरवी तो ट्रॅक्टर कोसभरावरून ऐकू यायचा. त्या दिवशी नुसती इंजिनाची घरघर. दारांत उभ्या बायका एका हाताने मूर्ती धरून पाहत होत्या. मला मात्र चेनचा आवाज नसणं बरं वाटलं नाही.

बांधाशी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. भरती साडेबाराची. बांधाच्या पोटातून पाणी झिरपत होतं, आणि ते गढूळ होतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती निघाली. खेकडे बिळं सोडून शेताच्या बाजूला चढत होते. गावकरी पोती भरत होते.

मी ठोकळे काढायला डावीकडून सुरुवात केली. का, तर ती शेताची बाजू, कोरडी. उजवी चेन खाडीच्या बाजूला चिखलात होती. ट्रॅक्टर थोडा थोडा पुढे घेत मी छत्तीस ठोकळे उतरवले. उजवीकडे गेलो तर नटांत चिखल भरून घट्ट बसलेला. पाना सटकत होता. अकरा ठोकळे राहिले असताना पलीकडून कोणीतरी ओरडलं, "बांध बसतोय!"

काका सीटवर चढले.

"काका, थांबा. अर्धा तास द्या. एका बाजूला पकड नाही."

"अर्ध्या तासानं बांध नाय राहणार. बाजूला हो."

मी झालो बाजूला.

तीन वेळा त्यांनी पुढच्या पात्याने माती ढकलली, तीनही वेळा नीट. चौथ्या वेळी उजवी चेन जागच्या जागी फिरली, डावी मात्र पुढे गेली आणि ट्रॅक्टरचं तोंड आपसूक खाडीकडे वळलं. काकांनी ब्रेकवर पाय दिला. ट्रॅक्टर आडवा होत हळूहळू घसरला आणि उतारावर कलंडला. काकांचा पाय पॅडलच्या दांड्यात अडकला होता. पाणी चढत होतं.

पोती भरणारे सगळे धावले. दोघांनी काकांचं डोकं वर धरलं आणि मी पाण्यात हात घालून चाचपडत लोखंड कापायच्या करवतीने दांडा कापला. पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं तेव्हा पाय सुटला. आम्ही त्यांना वर आणतो न आणतो तोच बांध शेजारून फुटला.

पेणच्या डॉक्टरांनी पाय घोट्यावर कापला. शेतात खारं पाणी शिरलं आणि पुढची काही वर्षं तिथे पीक आलं नाही. ट्रॅक्टर तिथेच राहिला.

मी दवाखान्यात जाऊन खरं ते सांगितलं. "काका, चिखलाची बाजू आधी करायला हवी होती. मी सोपी आधी केली."

ते म्हणाले, "चढलो मीच ना?"

वर्षभराने मुलगा इस्रायलहून येऊन त्यांना घेऊन गेला. मी स्टेशनवर गेलो नाही.