न वाचलेली नऊ उत्तरं

सगळी गल्ली तिला मशीनताई म्हणायची. वडिलांच्या मागे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान तिनेच सांभाळलं. दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला टेकलेली पाच-सहा मशीनं आणि मधोमध वडिलांचं टेबल, हातोडीचे घाव बसून बसून एका कडेला खड्डा पडलेलं. बोलणं बेताचं. गिऱ्हाइकाने मशीन आणलं की ती चाक हाताने फिरवून कान द्यायची आणि म्हणायची, "परवा या."

जुन्या मशीनचे भाग मिळेनासे झाले, तेव्हा शाळेची बस चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याने तिला मोबाइलवर एक चर्चामंच शोधून दिला. तिथे मशीन दुरुस्त करणारी माणसं टोपणनावांनी लिहीत. हिने 'चाकवाली' असं नाव घेतलं. दुपारी काम कमी असलं की ती तिथे डोकावायची. आयुष्यभर एकटीने केलेलं काम आणखी तीनशे माणसं करतात, याचंच तिला अप्रूप वाटायचं.

त्यांत 'करवत' नावाचा एक जण होता. कुणी काही लिहायचा अवकाश, हा कापायला हजर. एकदा हिने दोन आठवडे खपून जिवंत केलेल्या मशीनचा फोटो टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. करवतने लिहिलं, "सुई उलटी बसवली आहे. आधी सुई बसवायला शिका, मग फोटो काढा."

तिला जेवण गेलं नाही.

"अगं, कोण कुठला माणूस," नवरा म्हणाला. "दुर्लक्षाचं बटण आहे ना तिथे. दाब आणि मोकळी हो. त्याने लिहिलेलं तुला दिसणारच नाही."

तिने दाबलं. खरंच मोकळं वाटलं. चार महिने करवत तिच्यापुरता नाहीसा झाला.

मग एका दुपारी कुणा शिंपीणबाईंनी तक्रार लिहिली. "हा करवत मला म्हणतो, कासवात धूळ गेलीय, आधी कासव धुवा. आता मशीनमध्ये कासव कुठलं, हे यालाच ठाऊक." खाली सगळ्यांनी हसून घेतलं होतं.

मशीनताईच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

तिच्या धाकट्या भावाला लहानपणी खालच्या दोऱ्याच्या डबीला बॉबिन केस म्हणता यायचं नाही. तो कासव म्हणायचा. मग वडीलही कासवच म्हणायला लागले, आणि ती पण. त्या तिघांखेरीज कुणाला हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं.

भाऊ तेरा वर्षांपूर्वी घरातून गेला होता. त्याला मशीनला मोटार बसवायची होती, वडिलांना ते नको होतं, त्यावरून दोघांचं वाजलं. वडिलांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्यावर हात उचलला. तिला वाटलं होतं, मधे पडावं. पण तोंडातून निघालं ते, "बाबांची माफी माग." भावाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चप्पल घालून गेला. त्याचा फोन बंद झाला. वडील गेले, तेव्हा कळवायचं कुठे, हेही ठाऊक नव्हतं.

तिने दुर्लक्ष काढून टाकलं आणि चार महिन्यांचं सगळं वाचून काढलं. त्यातली नऊ उत्तरं तिला होती. पहिलं दुसऱ्याच दिवशीचं. "चाकवाली, चूक माझी. या मशीनला सुई अशीच बसते. जुनं पुस्तक काढून पाहिलं." पुढची तिने विचारलेल्या प्रश्नांना होती. जे प्रश्न कुणी सोडवले नाहीत म्हणून ती हिरमुसली होती, त्यांना यानेच सविस्तर उत्तरं दिली होती, चित्रं काढून. शेवटचं दीड ओळीचं. "बाई उत्तर देत नाहीत. मला बंद केलेलं दिसतंय. बरोबर आहे त्यांचं."

तिला पुढचं दिसेना. पदराने डोळे पुसले, तर पदराचं तेल डोळ्यात गेलं.

मंचावर तेव्हा ठरत होतं, की सगळ्यांनी मिळून करवतला दुर्लक्षात टाकायचं. तिलाही विचारलं गेलं. "मी टाकणार नाही," तिने लिहिलं. "टाकून पाहिलंय."

"तोच कशावरून?" नवऱ्याने विचारलं.

"तोच आहे."

"आणि नसला तर?"

"नसला तर नऊ उत्तरांचे आभार तरी मानीन."

तिने त्याला खाजगीत लिहायला घेतलं. लांबलचक लिहिलं आणि पुसलं. शेवटी एकच ओळ पाठवली. "मी तेव्हा माफी माग म्हणायला नको होतं."

अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी उत्तर आलं.

"ताई, पहिल्या दिवशी फोटोत सुईच बघितली. टेबलाची खड्डा पडलेली कड नंतर दिसली. म्हणून तुला लिहीत राहिलो. बाबा कसे आहेत?"

तिने लिहिलं, "सहा वर्षं झाली. झोपेत गेले. शेवटच्या वर्षी एका मशीनला मोटार बसवली होती त्यांनी. नीट बसली नाही. मला हात लावू दिला नाही."

तीन आठवडे तो मंचावर फिरकलाच नाही. कुणीतरी लिहिलं, बरं झालं, शांतता आहे. तिला ती शांतता सोसवेना. दिवसातून दहादा ती त्याचं नाव उघडून बघायची.

मग एका सकाळी विचारणा आली. "तुझा फोन नंबर तोच आहे?"

"तोच आहे. दहा ते सात दुकानात असते."

त्याला महिना होऊन गेला. फोन आलेला नाही. करवत मंचावर परत आलाय, पूर्वीसारखाच लोकांना फाडून खातो, आणि ती प्रत्येक अक्षर वाचते. "येईल गं," नवरा म्हणतो.

मशीन दुरुस्त झालं की चालवून बघावं लागतं, आणि जुनी मशीनं आवाज फार करतात. ती चार टाके घालते, पाय थांबवते, खोली शांत होऊ देते. मग पुढचे चार घालते.