शेवटचं वाफल

आमच्या नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या ऑफिसातली गुनवोर प्रोग्रामर, आणि भलती हट्टी. माउसचं बटण दाबल्याबरोबर पडद्यावर काही घडता कामा नये, बोट उचलल्यावरच घडावं. मधेच बाण बाजूला नेला तर सगळं रद्द, हे तिचं ठाम मत.

ऑफिसात नवा आलेला आइविन कुरकुरला, "दाबलं म्हणजे दाबलं. लोकांना कळत नाही का?"

शुक्रवार होता, गुनवोरने वाफलं भाजली होती, साच्यातली जाळीदार गोड धिरडी. ताटात एकच उरलं. शेवटचं कुणी घेत नाही, हे इथं पोरंसोरंही जाणतात. बोलण्याच्या नादात आइविनने त्यावर हात ठेवला, सगळ्यांच्या नजरा पाहिल्या आणि हात अलगद कॉफीच्या किटलीकडे सरकवला.

"बघ बाबा," गुनवोर म्हणाली, "एवढी मुभा गिऱ्हाइकालाही दे."