बॅटरीची करवत आणि अक्काचा झोका

समस्त खानदेशवासीयांस, विशेषतः नशिराबादच्या अलीकडच्या व पलीकडच्या मंडळींस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की नव्वदचं दशक सरता सरता आमच्या गावात बॅटरीवर चालणारी करवत आली, आणि ती थेट आमच्याच ओसरीवर उतरली. वायर नाही, पिन नाही. खटका दाबला की पुढचं पातं सापाच्या जिभेसारखं आत-बाहेर, आत-बाहेर. लोक बघायला येत आणि जाताना चहा पिऊन जात.

करवत आणली होती जिजाजींनी, म्हणजे माझ्या अक्काच्या नवऱ्यानं. ते आखातात नोकरीला होते. तिकडून बाकीचे लोक टेपरेकॉर्डर आणत, अत्तर आणत. आमच्या जिजाजींनी करवत आणली. का आणली, हे त्यांनाही नीट सांगता येईना. पात्यांचं एक पाकीट माझ्या हातात देऊन ते पुन्हा विमानात बसले, आणि मी गावातला एकमेव करवतवाला झालो. सहा महिने मी तिच्यानं काहीही कापलं नाही. फक्त दाखवत होतो.

मग आखाजी जवळ आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात आणि गाणी म्हणत आभाळाला पाय लावतात. अक्काला धुळ्याहून दोन आखाज्या येता आलं नव्हतं. या वेळी तिनं निरोप पाठवला की झोका बांधलेला दिसला नाही तर ती एसटीतून उतरणारच नाही, तशीच पुढे भुसावळला जाईल.

अडचण निंबाची होती. झोक्याची जुनी फांदी वाळून खंक झाली होती आणि ती नेमकी दुसऱ्या, चांगल्या फांदीच्या वर लटकत होती. खाली झोका बांधावा तर वरून कधी डोक्यात येईल सांगता येत नव्हतं. लाकूडतोड्याला बोलावलं. त्यानं फांदीवर कुऱ्हाडीचा दांडा ठोकून बघितला आणि म्हणाला, "येना पोटमा लोखंड शे."

फांदीच्या पोटात लोखंड, हे खरंच होतं. दोर सरकू नये म्हणून आमच्या घरी दर आखाजीला भावानं बहिणीच्या झोक्यासाठी फांदीत एक नवा खिळा ठोकायचा, अशी रीत. आजोबांनी त्यांच्या बहिणींसाठी ठोकले, आबांनी माझ्या आत्यांसाठी, मी अक्कासाठी ठोकले. निंबानं ते सगळे गिळले आणि वर साल ओढून घेतली. लाकूडतोड्या ती फांदी तोडायला तयार नव्हता. बुडापासून झाड द्या, लाकूड मी नेतो, म्हणाला. आमचे आबा, म्हणजे वडील, त्या वाळक्या फांदीला इतके धसकले होते की त्यांनी निकालच लावला. "आखाजीपर्यंत फांदी पडनी त ठीक. नही त बठ्ठं झाड." बठ्ठं म्हणजे सगळं, बुडापासून.

झालं. मी करवत खांद्याला लावली आणि शिडी चढलो. खाली अर्धं गाव. मी एकदा चहूकडे बघून घेतलं, नाटकात पहिल्या प्रवेशाला बघतात तसं, आणि खटका दाबला.

पाकिटातलं सगळ्यात रुबाबदार पातं मी निवडलं होतं: लांब, मोठमोठ्या दातांचं. लाकडात ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. मग कर्रर्र झालं, शिडी थरथरली, आणि पातं बाहेर काढलं तर मधले दात साफ गेलेले. आबांनी खालून निरखून पाहिलं आणि स्वतःच्या बोळक्या तोंडावरून हात फिरवला.

लोखंड आहे ना, मग लोखंडाचं पातं, असं म्हणून दुसऱ्या दिवशी बारीक दातांचं लावलं. त्यानं खिळा कापला असता, पण खिळ्यापर्यंत पोचायचं कसं? दातांत भुसा गच्च बसला, पातं तापून निळं पडलं आणि फांदीतून धूर निघाला. आई खालून म्हणाली की जाळायचीच होती तर काडेपेटी घरात होती.

आता पाकिटात एकच पातं उरलं. दात मध्यम, ना लाकडाचे ना लोखंडाचे. पुस्तिकेतल्या चित्रात त्याच्यासमोर फळी होती आणि फळीत खिळा. ज्या चित्राकडे आधी बघायला हवं होतं ते मी शेवटी बघितलं. तसंच आणखी एखादं मिळेल म्हणून जळगावची हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. दुकानदार पातं पत्रिकेसारखं उलटसुलट बघत आणि हातानं लोखंड कापायच्या हॅक्सॉचं पातं पुढे सरकवत. एकच होतं, तर एकच. ते मोडलं की निंब गेला.

त्यात बॅटरी मेली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती तापते म्हणून आईनं ती घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवली होती: माठाखालच्या ओल्या वाळूत. पितळी पट्ट्यांवर हिरवं चढलेलं. ती मी वाळवली, वाळू ब्रशनं झाडली, पट्ट्या खोडरबरानं घासून चकाकवल्या आणि वीज आली की चार्जरला लावत गेलो. वीज तिच्या मर्जीनं यायची. मधल्या वेळात पात्यावरचा निंबाचा चीक रॉकेलच्या चिंधीनं पुसला, पातं अडकवायच्या खाचेतला भुसा सायकलच्या पंपानं उडवला. हे सगळं आधीपासून करायला हवं होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी सगळ्यांनी सांगितलं.

शेवटी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि फांदीवर फिरवलं. जिथे ते चिकटे तिथे खडूची फुली. फुल्यांची एवढी दाटी झाली की कुठल्या आत्याचा खिळा कुठला, यावर खाली वाद सुरू झाला. खोडाजवळ फुल्यांच्या मधून एक वाट सापडली. तिच्यात एकच खिळा आडवा येत होता.

फांदीला दोर बांधला. करवतीचा पुढचा लोखंडी टेकू लाकडाला घट्ट दाबून धरला, म्हणजे पातं थडथडत नाही. आधी खालून थोडं, मग वरून. आवाज बदलला, म्हणजे खिळा लागला, की खटका सैल, दाब तसाच. तो खिळा हळूहळू, कुरकुरत, पण कापला गेला. बॅटरी दमली, भरली, पुन्हा दमली. मी उतरायला तयार नव्हतो. जेवणसुद्धा शिडीवर मागवलं. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी फांदी दोरावर तोलत खाली आली. पात्याचे दात बोथट झाले होते, पण सगळे जागेवर होते.

सकाळी चांगल्या फांदीला झोका बांधला. खिळा नाही ठोकला; दोराखाली गोणपाट गुंडाळलं. अक्का एसटीतून उतरली, पिशवी टाकून सरळ निंबाखाली आली. आबांनी तिला हातानं अडवलं. भरवसा कुणाचा द्यायचा, आधी वजनदार माणसानं बसून बघायला पाहिजे, असं म्हणत ते धोतर सावरून स्वतः बसले. एक हेलकावा घेतला. फांदीकडे बघितलं. मग दुसरा घेतला, जरा मोठा. मग पायानं जमीन रेटली आणि टोपी उडाली तरी थांबेनात. बायका गाणं म्हणायला जमल्या, थांबल्या, एकमेकींकडे बघू लागल्या. अक्का कमरेवर हात ठेवून झोक्यासमोर जाऊन उभी राहिली. शेवटी तिनं आपल्या हक्काचं विचारलंच:

"आबा, आखाजी मनी शे का तुमनी?"