ट्राउट कुठे परततो

बाबांचा शेवटचा लेख अर्धा राहिला होता. त्यांनी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर ते मुलांच्या एका मासिकासाठी प्राण्यांवर लिहीत. हा लेख ट्राउट माशावर होता. तो पुरा करायचं मी ठरवलं.

तेव्हा अस्थींचा कलश आमच्या करी रोडच्या चाळीत, गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेला होता. अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला बांधतात. आमच्याकडे झाड कुठलं? पूर्वी आकाशकंदिलासाठी ठोकलेला खिळा होता.

बाबांचे थोरले भाऊ गावाहून आले होते. आजोबा मिलमध्ये लागले तेव्हा शेती बघायला त्यांना गावीच ठेवलं गेलं; बाबा नंतर इथेच, याच चाळीत जन्मले. काका आल्या आल्या म्हणाले, "अस्थी गावच्या खाडयेतच सोडुक व्हयी. आमचा मूळ थंय आसा."

मला ते पटत नव्हतं, पण कारण सांगता येईना. बाबा गावी गेले की चौथ्या दिवशी परतीचं तिकीट काढायचे, एवढंच मला ठाऊक होतं.

दुपारी मी लेखाची पानं घेऊन बसले. युरोपातल्या ट्राउटची अंडी ओल्या शेवाळात, बर्फात जपत जहाजाने दक्षिणेकडच्या दूरच्या देशांत नेली. तिथल्या नद्यांत पिल्लं झाली. काही नदीतच राहिली, काही समुद्रात उतरली. समुद्रात त्यांचं अंग रुपेरी होतं, पोटभर खाऊन ती वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत शिरतात. पुढे बाबांनी लिहिलं होतं: 'पूर्वजांच्या नदीकडे.' चूक होती, आणि ती गावालाच घर म्हणणाऱ्या चाकरमान्याच्या घरातच व्हावी अशी. बाबांनाही ती दिसली असावी. पेन्सिलीने काट मारून वर लिहिलं होतं: 'जिथे स्वतः अंड्यातून बाहेर पडला, त्या नदीकडे.'

मी तो भाग मोठ्याने वाचला.

काका म्हणाले, "आता माशाक इचारून ठरवूचा काय?"

आईला हसू आलं. बारा दिवसांत पहिल्यांदा.

"माशाला नको, भावोजी," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा. त्यांच्याच हातचं आहे."

काकांनी पान हातात घेतलं, अक्षर ओळखलं. ती ओळ स्वतः वाचली. मग मला म्हणाले, "गो चेडवा, पण जे चुकान भलत्याच न्हंयत शिरतत, तेंचा काय?"

"तेही असतात, काका. ते तिथेच अंडी घालतात. त्यांच्या पिल्लांची नदी तीच."

"म्हणजे तुझो बापूस हयलोच."

"हो, इथलाच," मी म्हणाले. या वेळी मला कारण शोधावं लागलं नाही.

काका उठून गॅलरीत गेले. आता पुन्हा वाद घालतील असं वाटलं. त्यांनी कलशाची गाठ चाचपून पाहिली आणि आतल्या बाजूला वळून विचारलं, "दादरच्या समुद्राक सुकती कितक्याक लागता? भरतीक सोडलंव तर सगळा परत किनाऱ्याक येतला."

सुकती म्हणजे ओहोटी. मी फोनवर वेळ पाहून सांगितली. उद्या सकाळी नऊनंतर.

"मगे आठाक निघाया," ते म्हणाले आणि आईकडे चहा मागितला.