नांदती बाई परत आणली त्याची गोष्ट

माझ्या माहेरच्या लोकांनी मला समजूत घालून नांदायला परत आणलं, तेव्हा मी घर सोडलेलंच नव्हतं.

झालं असं, की लेक पुण्याला शिकायला गेला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात दोन किडे एकदम वळवळले. पहिला किडा डॉक्टरांनी सोडला. ते म्हणाले, "ताई, साखर काठावर आलीय. रोज चाला. रमतगमत नको, झपाझप! मधे थांबून गप्पा मारल्या तर ते चालणं मी धरणार नाही." दुसरा किडा माझा स्वतःचा. बारावीनंतर लग्न झालं आणि कॉलेज राहूनच गेलं, ते आता करायचं. मालक झेडपीच्या शाळेत गुरुजी. म्हणाले, "घाल की नाव! मी कुठं न्हाय म्हणतो?" आणि मी कळंबच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं.

फक्त एक अट घातली. कुणाला सांगायचं नाही! (नापास झाले तर येरमाळ्यात तोंड दाखवायला जागा उरायची नाही, असा माझा दूरदर्शी विचार.) गावाला नाही, माहेरी मुरुमला नाही, लेकालासुद्धा नाही.

मग माझा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी साडेसातला घर सोडायचं, स्टँडवर एसटीची वाट न बघता कळंबच्या रस्त्यानं पुढच्या फाट्यापर्यंत चार किलोमीटर झपाझप चालायचं आणि तिथून बस धरायची. पायात लेकाचे जुने बूट, पाठीवर लेकाची सॅक, अंगावर साडी. घामानं भिजल्यावर वर्गात कसं बसणार, म्हणून सॅकमधे दुसरी साडी. चेन तुटलेली, त्यामुळं त्या साडीचा पदर बाहेर लोंबायचा. वाटेत कुणी "कुठं निघालाव?" विचारलं तर डॉक्टरांना स्मरून मी नुसता हात हलवायची. तोंड तर रिकामं नसायचंच! समाजशास्त्राचं पाठांतर चालायचं. "पितृसत्ताक कुटुंबात पुरुषाचा शब्द अंतिम. स्त्रीला दुय्यम स्थान. मालमत्तेत वाटा नाही."

आता हे दृश्य तुम्ही बाहेरून बघा. गुरुजींची बायको रोज सकाळी कपड्यांची पिशवी पाठीवर टाकून, कुणाशी न बोलता, पुटपुटत गावाबाहेर पळतीय!

आमच्या शेजारच्या कमलबाईंचं देवीच्या रस्त्याला नारळाचं दुकान आहे. तिथं या दृश्याचा अर्थ लावण्यात आला. "म्या माझ्या कानानं ऐकलं. मला दुय्यम ठेवलंय म्हणत व्हती! वाटा बी देईनात म्हणं." मग कुणीतरी शंका काढली, की बाई दुपारी एसटीनं परत येते त्याचं काय? त्यालाही कमलबाईंकडं उत्तर होतं. "फाट्यावर कुणीतरी रोज समजूत घालून माघारी लावतंय. चांगली माणसं हायेत अजून!"

आमच्या मालकांनी तर कळसच केला. पारावर एका म्हाताऱ्यानं त्यांना गाठलं.

"गुरुजी, बाईसाहेब रोज सकाळी जात्यात म्हणं?"

मालकांना वाटलं, कॉलेजची बातमी फुटली. छाती काढून म्हणाले, "मीच म्हणलं, जा! किती दिवस चुलीपाशी अडकून बसायचं?"

"अन् असं किती दिवस चालायचं?"

"तीन वर्षं तरी. पुढं तिला झेपलं तर आणखी दोन."

म्हाताऱ्यानं कानाला हात लावला आणि तिथून जो उठला तो थेट नारळाच्या दुकानात. कमलबाईंचं माहेरही मुरुमच. त्यांनी भावाला फोन केला, भाऊ माझ्या भावाला भेटला, आणि मुरुमला पोचेपर्यंत आमची फारकत झालेली होती.

नेमका त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा पहिला पेपर! साडेदहाचा. मी फाट्याच्या अलीकडं असताना मागून एक जीप आली आणि कचकन ब्रेक मारून माझ्या पुढ्यात आडवी झाली. त्यातून माझे थोरले भाऊ आण्णा उतरले. मागून वहिनी आणि काठी टेकत आमचे चुलते तात्या. वहिनीनं मला मिठी मारली आणि सॅकमधली साडी बघून हंबरडाच फोडला.

"आण्णा, मला जाऊ द्या! उशीर होतोय," मी म्हणाले.

"ऐकलंस का?" तात्या आण्णांना म्हणाले. "जाऊ द्या म्हणती!"

"अहो, साडेदहाला पेपर हाय!"

"पेपर?" आण्णांचा चेहरा उतरला. "म्हंजे कागदापत्रापर्यंत गेलं? सही केलीस का?"

"अजून न्हाय. तिथं गेल्यावर करायचीय."

"वाचलो!" म्हणत आण्णांनी मला दंडाला धरून जीपमधे कोंबलं. दोन मिनिटांत सगळं सांगून टाकता आलं असतं. पण चार किलोमीटरची चाल आणि त्यावर ही ओढाताण, यानं माझा उरलासुरला दमही असा तुटला होता, की तोंडातून "कॉ... कॉ..." एवढंच निघत होतं. वहिनीनं मला पाणी पाजलं आणि म्हणाली, "बोलू नको गं. किती सोसलंस!"

घरी मालक दाढीचा साबण फासून आरशापुढं उभे.

"जय भीम, दाजी," आण्णा दारातूनच म्हणाले. "आमच्याकडनं काय चूक झाली?"

मालकांना वाटलं, माहेरचे कॉलेज बंद पाडायला आले! पांढऱ्या गालांनीच कडाडले, "हे बघा आण्णा, तिचा निर्णय झालाय. मी मोकळीक दिलीय. आता तुम्ही मधे पडू नका!"

वहिनी मटकन खाली बसली. कमलबाई दारात आल्याच होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात मला दम परत मिळाला आणि मी गळ्यात घालायचं ओळखपत्र काढून आण्णांच्या नाकासमोर धरलं.

आण्णांनी ते उलटंपालटं केलं. "बी.ए. भाग एक? कोण, तू?"

"म्हंजे भांडान न्हाय?" वहिनीनं विचारलं.

"न्हाय!"

सगळ्यांना आनंद व्हावा की नाही? तात्या तर चक्क नाराज झाले. "मग आमी पहाटंपासनं जीपमधी हाडं कशापायी खिळखिळी करून घेतली?" जरा विचार करून ते म्हणाले, "आता आलोच हाय, तर बैठक घेऊनच टाकू. जावयाला दोन शब्द ऐकवलेले बरे असत्यात. पुढंमागं उपयोगी पडत्यात." आणि खरंच, गालावर साबण वाळत असलेल्या माझ्या निरपराध नवऱ्याला त्यांनी बायको कशी सांभाळावी यावर अर्धा तास ऐकवलं! कमलबाईंनी चहा टाकला. (माझ्या घरात, माझ्या दुधाचा.)

घड्याळात दहा वाजलेले बघून मी किंचाळले. मग सगळे एकदम उठले. जीपमधे मी, मालक, आण्णा, वहिनी, तात्या, आणि "आता मी तर आलंच पाहिजे" म्हणत कमलबाई. कॉलेजच्या गेटवरच्या शिपायानं हात केला, "लग्नाचं कार्यालय पलीकडच्या गल्लीत!" तात्यांनी काठी उगारली. "पोरीचा पेपर हाय, बाजूला व्हय!" शिपाई गेटाबाहेर अठरा-वीस वर्षांची पोरगी शोधत राहिला आणि मी त्याच्या बगलेतून आत पळाले. पोचायला वीस मिनिटं उशीर झाला होता. पर्यवेक्षक मॅडमनी माझे बूट बघितले, साडी बघितली आणि काही न विचारता पेपर दिला.

पहिलाच प्रश्न होता, 'कुटुंबसंस्थेची कार्ये स्पष्ट करा.'

मी पेन उचललं ते थांबलेच नाही. पुरवणी मागितली, दुसरी मागितली. जीप, काठी, साबण, एकूण एक गोष्ट लिहून काढली; बाकीचे प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत उरकले.

आठवड्यानं सरांनी पेपर दाखवले. चाळीसपैकी चौदा! सोळाला पास. खाली लाल शाईत शेरा, 'वाचताना हसू आवरले नाही. मुद्दे मात्र एकही नाही.'

परीक्षेला अख्खं कुटुंब गेटापर्यंत सोबत घेऊन आलेली आणि नेमक्या 'कुटुंब' याच प्रश्नात आपटलेली आमच्या कॉलेजात मी एकटीच!