कुबडातलं पाणी

साक्रीच्या बसमध्ये रोज भेटणाऱ्या या बाई चौथीचा वर्ग शिकवतात. प्रत्येक वाक्यानंतर त्या "कळलं?" विचारतात आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

यंदा वाळवंटाचा धडा आला, तेव्हा गावाबाहेर कच्छकडचे मेंढपाळ उंट घेऊन उतरले होते. बाईंनी वर्गच तिथे नेला. उंट कुबडात पाणी साठवतो, असं त्यांनी मुलांना सांगताच तिथली एक म्हातारी हसली. "पानी नहीं बेन, चरबी."

वीस वर्षं बाईंनी पाणीच शिकवलं होतं. तेव्हापासून त्या जुने विद्यार्थी शोधतायत. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, जिथे सापडतील तिथे गाठून चूक कबूल करतात.

काल त्यांनी आमच्या कंडक्टरला धरलं. तो तिकीट काढता काढता म्हणाला, "बाई, आते माले काय फरक पडस?"

"पोरानं विचारलं तर काय सांगशील?"

त्यानं तिकीट पुढे केलं. "चरबी, बाई."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमची मुलगी माझ्याच वर्गात होती ना?"

"हो. आता तीही शिक्षिका आहे."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे तिचाही वर्ग आहे. आत्ताच फोन लावा."